टेबलापलीकडची पूर्व

तिला सगळे 'आधीकोण' म्हणत, आणि तेही पाठीमागे नव्हे, अगदी तोंडावर. कुणी जमिनीचा, घराचा, दुकानाच्या गाळ्याचा कागद घेऊन आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"हे तुमचं. बरं. तुमच्या आधी कोण?"

समोरचा म्हणायचा, अमक्याकडून घेतलं.

"त्याच्या आधी कोण?"

"त्याच्या वडिलांचं असेल की."

"असेल की होतं?"

इथवर येईपर्यंत समोरच्याच्या कपाळावर घाम जमलेला असायचा आणि ही पेन्सिल कानावर अडकवून दप्तरखान्याकडे निघालेली असायची. कुणी घाई केली, "बाई, पटकन बघा ना जरा," की मान न वळवता म्हणायची, "पटकन बघायचं असेल तर आरशात बघा. इथे वेळ लागतो."

तिची ही सवय कचेरीपुरती राहिली असती तर ठीक होतं. पण कचेरीतलं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला एक घड्याळजी आला, घड्याळ सुरू झाल्यावरही काही ना काही निमित्त काढून येत राहिला आणि शेवटी एकदा धीर करून त्याने तिला लग्नाचं विचारलं, तेव्हाही तिने शांतपणे पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "माझ्या आधी कोण?"

"कोणी नाही," तो गडबडून म्हणाला.

"नोंद सापडली तर?"

घरी जाऊन त्याने हे धाकट्या बहिणीला सांगितलं. ती पोट धरून हसली. "दादा, ही बायको नाही, चौकशी समिती आहे. पण कर लग्न. घरात निदान हरवलेल्या वस्तू तरी सापडतील."

अशी तिला नणंद मिळाली. जिभेला धार असलेली, पण मनात काही न ठेवणारी. दोघींचं पहिल्या दिवसापासून जे जुंपलं ते कायमचं, आणि एकमेकींवाचून करमायचंही नाही. नणंदेने पुढे गावाबाहेर, ओढ्याजवळच्या जमिनीवर रोपवाटिका काढली. रोपं जगवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. भावजयीच्या कामाला मात्र ती 'धूळ चाळणं' म्हणायची. "मी मातीत हात घालते तर झाड येतं. वहिनी, तू धुळीत हात घालतेस, तुला काय मिळतं?"

"शिंका," आधीकोण म्हणायची.

आता हे धूळ चाळणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. कुणी जमीन विकत घ्यायची म्हटली की आधी खात्री लागते: विकणाऱ्याची ती खरोखर आहे का, तिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क आहे का, कुणाची वाट, कुणाचं पाणी तिच्यातून जातं का. हे सगळं नोंदणी कचेरीतल्या कागदांत असतं आणि ते कागद कुणालाही बघायला खुले असतात. खुले असतात म्हणजे सापडतात असं नाही. साखळी उलटी ओढत न्यावी लागते. आजचा मालक, त्याला विकणारा, विकणाऱ्याला देणारा. मधली एक कडी निसटली तर पुढचं सगळं हवेत लोंबकळतं. कचेरीत संगणक आला होता आणि तिला तो आवडायचा. पण तो अलीकडच्या मालकांपर्यंत सुसाट धावायचा आणि मग धाप लागल्यासारखा उभा राहायचा. तिथून पुढे पायी जायला आधीकोण.

हे काम तिला शिकवलं चष्मेकाकांनी. ती टायपिस्ट म्हणून लागली तेव्हा ते आसपासच्या सगळ्या गावांचे एकमेव शोधक होते. त्यांचा एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर असायचा आणि शोधत असायचे ते तिसरा. त्यांनी तिला नियम घालून दिला होता: "कागदाबाहेर पाय टाकायचा नाही. जागेवर गेलीस की लोक हात लांब करून दाखवतात, इथपासून तिथपर्यंत माझं. माणसाचा हात लांबतो. कागदाचा हात असतो तेवढाच असतो." ते गेले, नियम राहिला. एवढ्या वर्षांत आधीकोणने हजारो जमिनी तपासल्या आणि एकीवरही पाय ठेवला नाही. याचा तिला अभिमान होता.

तिची बसायची जागाही चष्मेकाकांचीच. कचेरीच्या मागच्या बाजूला दप्तरखाना. उंचावर दोन खिडक्या, लोखंडी मांडण्यांच्या रांगा, जुन्या कागदाचा आणि कापूरगोळ्यांचा वास. मधोमध एक भलंमोठं शिसवी टेबल. त्यावर जाड काच आणि काचेखाली सगळ्या भागाचा जुना नकाशा. टेबलाची एक बाजू खोलीकडे, दुसरी भिंतीकडे. भिंतीकडच्या बाजूला जेमतेम एक स्टूल मावायचं, तिकडे कुणी बसत नसे. उजेड खोलीकडच्या बाजूला चांगला, नकाशाही तिथूनच सुलटा दिसायचा. म्हणून ती तिथे बसायची. चष्मेकाकाही तिथेच बसत.

तर एके दिवशी तिच्याकडे गोदामवाला आला. फरशा आणि सिमेंट साठवायला त्याला गावाबाहेर रस्त्याला लागून जमीन घ्यायची होती. धिप्पाड माणूस, आवाज त्याहून मोठा, पण व्यवहाराला चोख. "बाई, मला लबाडी करायची नाही आणि कुणाची खायची नाही. कागदात असेल ते सांगा. कागद म्हणेल तसं मी वागेन."

तिने क्रमांक पाहिला आणि हसली. ही तर नणंदेच्या रोपवाटिकेपुढची जमीन. रोपवाटिका मागे, रस्ता पुढे, आणि मध्ये ही. नणंदेचा टेम्पो रस्त्यावरून याच जमिनीच्या कडेने आत जायचा. गोदामवाल्याला तिने ते आधीच सांगून टाकलं. "मागच्या जमिनीत माझी नणंद आहे. दुसऱ्या कुणाकडून काम करून घ्यायचं असेल तर घ्या."

"दुसरं आहे कोण?" तो म्हणाला. खरंच होतं.

तिने साखळी उलटी ओढत नेली. पार जुन्या दस्तलेखकाच्या हातच्या दस्तापर्यंत पोचली. हा दस्तलेखक चष्मेकाकांच्याही आधीचा. अक्षर असं की कागदावर मोती मांडावेत. त्याच्या दस्तात स्वच्छ लिहिलं होतं: या जमिनीच्या पूर्व अंगाने गाडी जाईल एवढी वाट मागच्या जमिनीच्या मालकासाठी कायम खुली राहील. तिने मागच्या जमिनीचा दस्तही काढला. तोही त्याच हातचा. तोही तेच म्हणत होता. पूर्व अंगाने वाट. कागदाला कागद बोटाला बोट जुळावं तसा जुळला. तिने अहवालात ते ठळक लिहिलं, सही केली, आणि संध्याकाळी नणंदेला फोन करून ऐटीत सांगितलं, "वन्सं, तुमची वाट मी कागदावर पक्की बांधून ठेवली आहे."

"वाट बांधतात होय?" नणंद म्हणाली. "वाट मोकळी ठेवतात."

थट्टा थट्टेच्या जागी राहिली. काही आठवडे गेले. मग एका सकाळी दप्तरखान्याचं दार धाडकन उघडलं आणि नणंद आत आली. गुडघ्यापर्यंत चिखल. हातात कागदाची सुरळी. दप्तरखाना सांभाळणारा दप्तरी जागचा उठला, कारण चिखलाचे पाय मांडण्यांकडे निघाले होते.

"वहिनी, ही सही तुझीच ना?"

"माझीच."

"मग अभिनंदन. तुझ्या सहीने माझी वाट बंद झाली."

"काय झालं ते नीट सांगा."

"नीट सांगायला आधी नीट उभी तर राहू दे. टेम्पो रुतलाय, कलमं आडवी झालीत, आणि तुझा तो गोदामवाला कंपाउंडच्या तारा ओढतोय, बरोबर माझ्या वाटेवर. मी म्हटलं, अहो, ही माझी वाट. तर खिशातून हा कागद काढला. म्हणे, बाई, तुमची वाट पूर्वेला, ओढ्याच्या कडेने. मी ती सोडली आहे, उलट हातभर जास्तच सोडली आहे. पश्चिमेला तुमचा काही हक्क नाही. तुमच्या वहिनींनीच लिहिलंय."

"ओढ्याच्या कडेने?"

"तिथून बेडूक जातो, वहिनी. टेम्पो नाही जात. नव्या बागेची एवढी मोठी मागणी आली आहे, झाडं घेऊन जायला ट्रक येणार आहे. तो काय ओढ्यात पोहत येणार? वाट नाही तर रोपवाटिका नाही. सरळ हिशेब आहे. मी अर्ज केलाय, शुक्रवारी इथल्याच अधिकारी बाईंकडे सुनावणी आहे. आणि तिथे तो काय दाखवणार? तुझा कागद."

आधीकोणने सुरळी उलगडून आपलंच लिहिलेलं पुन्हा वाचलं. नणंदेला तेच अधिक झोंबलं.

"एकदा येऊन बघितलं असतंस तर! पण नाही. इथे बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. दर सुट्टीला माझ्याकडे येतेस, त्याच वाटेने येतेस, आणि लिहितेस पूर्व!"

"तुमच्याकडे येताना मी दिशा बघत नाही," आधीकोण म्हणाली. "तुम्ही आज काय बोलणार याची तयारी करत असते."

दप्तरीला हसू आलं, त्याने ते फडताळाकडे तोंड करून गिळलं. नणंद हसली नाही. ती खुर्चीवर बसली, आणि बसल्यावर एकदम थकलेली दिसली. आधीकोणने तिच्याकडे पाहिलं, मग दस्ताच्या प्रती पिशवीत घातल्या आणि चप्पल सरकवली.

"कुठे?" नणंदेने विचारलं.

"जागेवर."

चष्मेकाकांच्या वेळेपासून हे कधी घडलं नव्हतं.

टेम्पो काढून, आडवी कलमं उभी करून होईतो दुपार कलली होती. आधीकोण गोदामवाल्याच्या जमिनीच्या मध्यभागी जाऊन उभी राहिली. एकीकडे तारांचं नवंकोरं कंपाउंड, त्यात अडकलेली वाट. दुसरीकडे उतार आणि ओढा. सूर्य वाटेच्या बाजूला खाली येत होता. तिची सावली ओढ्याकडे पडली होती. म्हणजे वाट पश्चिमेला, यात शंकेला जागाच नव्हती.

तिने दस्ताची प्रत उघडली आणि आजवर हजारदा वाचून न वाचल्यासारखा केलेला भाग वाचला. चारी बाजूंना काय आहे तो. प्रत्येक दस्तात असतो, आणि औषधाच्या बाटलीवरच्या बारीक अक्षरांसारखा कुणी वाचत नाही. पूर्वेला वाट. पश्चिमेला ओढा. उत्तरेला रस्ता. दक्षिणेला मागची जमीन.

ओढा पूर्वेला होता. रस्ता दक्षिणेला. मागची जमीन उत्तरेला.

"चारही चुकलंय," ती म्हणाली.

"मग बरं झालं की! सांग तसं," नणंद म्हणाली.

"एवढ्यावर सांगितलं तर अधिकारी बाई म्हणतील, नणंदेसाठी कागद खोटा ठरवते आहे. पण बघा ना. माणूस चुकतो तेव्हा एखादी बाजू चुकतो. इथे चारही बाजू चुकल्या आहेत, आणि शिस्तीत चुकल्या आहेत. जणू अख्खी जमीन कुणी गरकन फिरवून ठेवली. एवढं नीटनेटकं चुकायला कारण लागतं."

"मग काढ कारण. चुकलेलं माणूस शोधणं तर तुझ्याच हातचं."

घरी घड्याळजीने सगळं ऐकून घेतलं आणि डोळ्याचं भिंग न काढता म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस. तुझ्या अहवालावर तूच फुली मारणार? लोक काय म्हणतील?"

"तुमच्या हातचं घड्याळ पुढे गेलं तर काय करता? गिऱ्हाइकाला सांगता, जग मागे घ्या म्हणून?"

"छे. काटे मागे घेतो."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी तिने त्या ओढ्याकाठच्या सगळ्या जमिनींचे जुने दस्त काढायला घेतले. तो मोत्याच्या अक्षराचा माणूस जिथे जिथे होता तिथे ओढा पश्चिमेला होता. दुसऱ्या कुणी लिहिलेल्या दस्तांत ओढा पूर्वेला, म्हणजे जिथे आहे तिथे. आणि गंमत म्हणजे त्या माणसाच्या अगदी सुरुवातीच्या दस्तांतही ओढा पूर्वेलाच होता. मग केव्हातरी तो उलटा झाला आणि कायमचा उलटा राहिला. आता तिला कळलं की कागदाला कागद जुळला म्हणून ती निर्धास्त का झाली. दोन्ही कागदांची चूक एकाच हातची होती. एका चुकलेल्या घड्याळावरून दुसरं लावलं तर दोन्ही एकच वेळ दाखवणार.

पण का? ओढा काही माणसाच्या वयाबरोबर कूस बदलत नाही.

तिने काचेखालच्या नकाशावर बोट ठेवलं. जेवणाची वेळ झाली होती. दप्तरी भिंत आणि टेबल यांच्या मधल्या सांदीत शिरून स्टुलावर टेकला होता आणि काहीतरी खडखडवत होता.

"भाऊ, हा बघा ओढा," ती म्हणाली. "इतका ठळक काढलाय. याला उलटं कोण लिहील?"

"कुठला? हा डावीकडचा?"

"डावीकडचा कुठला? उजवीकडचा हा."

"बाई, माझ्या तर डावीकडेच आहे."

ती काही क्षण नकाशाकडे पाहत राहिली. मग दप्तरीकडे.

"तुम्ही तिथे काय करताय?"

"डबा काढतोय."

"टेबलातून?"

"मग काय! खणात ठेवतो मी. खण इकडूनच तर उघडतो."

"भाऊ, उठा."

"आत्ता? डबा..."

"डबा घेऊन उठा."

दप्तरी पुटपुटत बाहेर निघाला आणि आधीकोण पोट आत घेऊन त्या सांदीत शिरली. स्टुलावर बसली. एवढी वर्षं या टेबलावर काढली, पण या बाजूने तिने ते कधी पाहिलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पुढ्यात खण, खणात टाक ठेवायची लांबट खाच. उजव्या हाताला काचेच्या कडेबाहेरच्या लाकडावर शाईचे काळेनिळे डाग मुरलेले. त्याच्या अलीकडे कोपर टेकून टेकून पडलेला खोलगट खळगा. तिचं कोपर आपोआप त्यात जाऊन बसलं. आणि समोर नकाशा, सगळी अक्षरं डोक्यावर उभी.

लिहिणारा इथे बसायचा. खोलीकडची बाजू त्याची नव्हतीच. ती गिऱ्हाइकांची होती.

जुन्या दस्तलेखकाबद्दल चष्मेकाका एक गोष्ट नेहमी सांगायचे. माणूस इतका सौजन्याचा की गरिबातला गरीब आला तरी आधी त्याला खुर्ची द्यायचा, मग स्वतः बसायचा. लोकांना वाचता येत नसे, पण नकाशात आपलं घर बोटाने दाखवता यावं म्हणून त्याने कचेरीतून हे टेबल मागून घेतलं आणि नकाशा त्यांच्याकडे तोंड करून लावला. स्वतःकडे नाही. ओढा उलटा झाला तो तेव्हापासून. गिऱ्हाइकाने बोट ठेवायचं, त्याने समोरून बघायचं आणि आपल्या उजव्या हाताला येईल ती पूर्व धरून लिहायचं. लोक त्याला खुशीने सही-अंगठा देऊन जायचे. बाजूला शेजाऱ्यांची नावं बरोबर असायची. पूर्व-पश्चिम कोण बघतो?

"सापडलं?" दप्तरीने घास घेत विचारलं.

"सापडलं," ती म्हणाली. "चांगुलपणा नडला त्याला."

शुक्रवारी ती स्वतःच्याच अहवालाची प्रत घेऊन अधिकारी बाईंसमोर उभी राहिली. बाई वयाने लहान, नव्याने बदलून आलेल्या, बोलण्यात कामापुरत्या. गोदामवाला एका बाजूला, नणंद दुसऱ्या बाजूला. नणंदेने आज पाय स्वच्छ धुतले होते, पण हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली होती.

"अहवालातली वाटेची बाजू चुकली आहे," आधीकोण म्हणाली. "सही माझी, चूकही माझीच म्हणायची. दस्तात होतं तसं मी लिहिलं, पण दस्त जागेशी लावून बघितला नाही. आता बघितला."

"हे बरं आहे," गोदामवाल्याचा आवाज वर चढला. "तेव्हा पूर्व, आता पश्चिम. उद्या तुमच्या नणंदेला छपरावरून वाट लागेल, मग काय लिहाल? मॅडम, हा नात्यातला मामला आहे. मी कागदाप्रमाणे वागलो."

"वागलात," आधीकोण म्हणाली. "म्हणून मी काही बोलतच नाही. तुम्हीच सांगा. फक्त पाच मिनिटं सगळ्यांनी मागे दप्तरखान्यात या."

अधिकारी बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. हेच ते घड्याळ, ज्याच्यामुळे आधीकोणचं लग्न झालं. ते बरोबर चालत होतं. "चला," त्या म्हणाल्या.

तिने गोदामवाल्याला खोलीकडच्या खुर्चीवर बसवलं. स्वतः सांदीत शिरून स्टुलावर बसली आणि खण उघडून दाखवला. शाईचे डाग दाखवले. अधिकारी बाईंनी वाकून त्यांवरून बोट फिरवलं.

"हा जुन्या दस्तलेखकाचा लिहायचा हात," आधीकोण म्हणाली. "आणि तुम्ही बसलात तिथे गिऱ्हाईक बसायचं. समजा मी तो, तुम्ही जमीन घेणारे. ठेवा बोट तुमच्या जमिनीवर."

गोदामवाल्याने नकाशा नीट न्याहाळून बोट ठेवलं. स्वतःची जमीन माणसाला झोपेतही सापडते.

"आता मला माझ्या बाजूने सांगा. माझ्या उजव्या हाताला काय आहे?"

"तुमच्या? उजव्या?" तो जरा वाकडा होऊन बघू लागला. "वाट."

"डाव्या हाताला?"

"ओढा."

"माझ्यापासून लांबच्या, म्हणजे मला नकाशाच्या वरच्या बाजूला काय दिसतं?"

"माझ्याकडे येतो तो... रस्ता."

"आता तुमचा दस्त वाचा. मोठ्याने."

त्याने खिशातून प्रत काढली. पूर्वेला वाट. पश्चिमेला ओढा. उत्तरेला रस्ता. इथे तो थांबला. ओठांनी पुन्हा वाचलं. "रस्ता उत्तरेला?"

"कधी बघितलं नव्हतंत?"

"रस्ता माझ्या दारासमोर दिसतो, तो कागदात कशाला बघू?"

"वाटही दिसत होती," नणंद पुटपुटली. आधीकोणने डोळ्यांनी तिला गप्प केलं आणि ओढ्याकाठचे बाकीचे दस्त टेबलावर पसरले. हे टेबल येण्याआधीचे एका बाजूला, नंतरचे दुसऱ्या बाजूला. अधिकारी बाईंनी एकेक उचलून पाहिला. मग त्या स्वतः गोदामवाल्याच्या मागे उभ्या राहिल्या, मग सांदीत डोकावून आधीकोणच्या खांद्यावरून पाहिलं. आणि हसल्या. आल्यापासून पहिल्यांदाच.

"तुम्हाला दोन्ही बाजू एकदम धरून चालणार नाही," त्या गोदामवाल्याला म्हणाल्या. "वाट ओढ्याच्या कडेने हवी असेल तर रस्ताही उत्तरेला मानावा लागेल. मग तुमच्या गाड्या रोपवाटिकेतून आत येणार का?"

"कुंड्यांवरून," नणंद म्हणाली.

गोदामवाला खुर्चीत मागे रेलला. मग पुढे वाकून त्याने नकाशावरच्या ओढ्यावर बोट टेकवलं.

"एक सांगा बाई," तो शेवटी म्हणाला. "वाट पश्चिमेला असेल तर ओढ्याकडे मी जो पट्टा सोडलाय..."

"तो तुमचा. आधीही तुमचाच होता. माझ्या अहवालामुळे उगाच सोडलात."

"म्हणजे मी आपली चांगली जागा बेडकांना दान केली होती!" तो मोठ्याने हसला, मांडण्यांवरची धूळ हलली. "घ्या मॅडम, लिहून घ्या. तारा मी आजच काढतो. मी म्हटलं होतं, कागद म्हणेल तसं वागेन. कागदालाच आता कुठे तोंड फुटलंय." मग आधीकोणकडे वळून, "पण दुरुस्त अहवाल द्या. आणि या खेपेला खुर्ची बघून बसा."

अधिकारी बाईंनी निकाल त्याच टेबलावर लिहायला घेतला. कुठल्या बाजूने बसून लिहायचं यावर क्षणभर त्या घोटाळल्या, मग उभ्यानेच लिहिला.

ट्रक ठरल्या दिवशी आला. पश्चिमेच्या वाटेने सरळ आत गेला, झाडं भरून सरळ बाहेर आला. तारांचे खांब उपटलेल्या जागी वाटेच्या कडेला ओळीने खड्डे राहिले होते. नणंद त्यांच्याकडे पाहत उभी होती. खड्डा फुकट जाऊ देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"यात काहीतरी लावून टाकते. गोदामवाल्यालाही सावली होईल." मग तिरकं हसून, "काय गं वहिनी, वाटेच्या पूर्वेला लावू की पश्चिमेला?"

"आधी सांगा, तुम्ही कुठल्या खुर्चीवर बसून विचारताय?"

"मेली चौकशी समिती," नणंद म्हणाली आणि तिच्या हातात फावडं दिलं.

आधीकोणने पिशवी वाटेच्या कडेला ठेवली. पिशवीत दुसऱ्या एका गावचा शोध होता, कुणाच्या तरी विहिरीच्या वाटणीचा. कागद सगळे जुळत होते. तरी खड्डे भरून झाले की बसने तिकडे जाऊन विहीर बघून यायचं तिने ठरवलं होतं. तिने फावडं मातीत घातलं, नाकात धूळ गेली, आणि सणसणीत शिंक आली.

"बघ," नणंद म्हणाली, "इथेही तेच मिळतं तुला."